पैशाचं सोंग: ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जुना जर्मन चित्रपट मी ज्यांना ज्यांना आग्रह करून बघायला लावला, त्यांनी आधी किंवा नंतर विचारलेले हे प्रश्न. काहींची उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

बेकारी आणि नाटक यांवरची जर्मन कॉमेडी म्हटल्यावर हाच चित्रपट का?

मंदीच्या काळात जर्मनीत बेकारीवर बरेच चित्रपट निघाले. १९३२ चा ‘कूले वाम्पे’ घ्या. त्यातला बेकार तरुण खिडकीतून उडी टाकण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतो. जीव गेला तरी घड्याळ फुटायला नको. तो बघून माणूस दोन दिवस गप्प राहतो. दुसऱ्या टोकाला १९३० चा ‘डी ड्राय फोन डेर टांकश्टेले’. त्यात दिवाळं निघालेले तीन मित्र गाडी विकून पेट्रोलपंप टाकतात आणि गाणी म्हणत सुखी होतात.

‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्यातले दोन बेकार नाटकवाले आहेत. त्यांना जे एकच काम येतं ते सोंग घेण्याचं, आणि त्या कामालाच गिऱ्हाईक नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. हे दोघं तेही आणून बघतात.

निर्मिती उफा कंपनीची, लेखन-दिग्दर्शन राइनहोल्ड श्युन्त्सेल यांचं. प्रदर्शनाची तारीख २३ डिसेंबर १९३३, नाताळच्या तोंडावर. कृष्णधवल, साधारण शंभर मिनिटांचा.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

व्हिक्टर हेम्पेल हा नट. आपण थोर शोकात्म नट आहोत अशी त्याची पक्की समजूत. एजंटच्या कचेरीत तो छाती भरून पल्लेदार भाषण ठोकतो आणि ऐकणाऱ्यांना हसू आवरत नाही. सुझान लोर ही गायिका. तिलाही काम नाही. दोघांची गाठ पडते, दोघांच्या खिशात सारखाच खडखडाट.

व्हिक्टर पोटासाठी एका लहानशा रंगमंचावर बाईचा वेष घेऊन गाणं-नाच करतो. एका संध्याकाळी सर्दीने त्याचा आवाज बसतो. कार्यक्रम रद्द केला तर पैसे बुडणार. म्हणून तो सुझानला गळ घालतो: तू माझ्या जागी उभी राहा, शेवटी केसांचा टोप काढ आणि पुरुष आहेस असं भासव. ती घाबरत, अडखळत नाचते, टोप काढते आणि प्रेक्षक टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतात. बसलेल्यांत एक बडा एजंट असतो. करार होतो, दौरे सुरू होतात आणि ही जोडी लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात जाऊन पोहोचते. तिथे रॉबर्ट नावाचा देखणा, निवांत श्रीमंत गृहस्थ या ‘तरुणा’कडे जरा जास्तच वेळ बघत राहतो.

थोडक्यात, बाई पुरुष असल्याचं नाटक करते, आणि तो पुरुष बाई असल्याचं नाटक करतो. कागदावर वाचून डोकं गरगरतं. पडद्यावर अजिबात गोंधळ होत नाही.

रॉबर्टला खरं कळतं का?

कळतं, आणि तेही लवकर. श्युन्त्सेलची हुशारी इथेच आहे. रॉबर्ट दोघांचं बोलणं चोरून ऐकतो, पण कळल्याचं दाखवत नाही. उलट ‘चल दोस्ता, मजा करू’ म्हणून सुझानला पुरुषी उद्योगांना घेऊन जातो: सिगार, व्हिस्की, मारामारीचा गुत्ता. तिला घोट गिळता गिळत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तिथून पुढे कोण कोणाला बनवतंय हे फक्त रॉबर्टला आणि प्रेक्षकाला ठाऊक असतं.

यात बेकारी नक्की कुठे आहे? मला तर गाणी आणि फ्रॉकच दिसले.

पहिला भाग पुन्हा बघा. एजंटची कचेरी, तिथली माणसं, ‘काही नाही, पुढच्या आठवड्यात या’ हा सूर. तेव्हाच्या प्रेक्षकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं.

१९२९ नंतर अमेरिकेने कर्जाचे पैसे परत ओढले आणि जर्मनीचा कणाच मोडला. १९३३ च्या जानेवारीत नोंदणीकृत बेकारांचा आकडा साठ लाखांवर होता. बेकारी विमा १९२७ मध्ये आलेला, पण तो इतक्या लोकांचा भार पेलण्यासाठी केलेलाच नव्हता. विम्याची मुदत संपली की संकटकालीन मदत, तीही संपली की नगरपालिकेचा धर्मादाय, अशा पायऱ्या माणूस उतरत जाई. रोजगार कचेरीत जाऊन कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागे. त्यामुळे ‘श्टेम्पेल्न गेहेन’, म्हणजे शिक्का मारायला जाणं, याचा बोलीभाषेत अर्थच बेकार असणं असा झाला.

नाटकवाल्यांची गत आणखी वाईट. जर्मनीत बरीच नाट्यगृहं नगरपालिकेच्या पैशावर चालत. नगरपालिकेचा पैसा धर्मादायात जाऊ लागल्यावर कात्री कुठे लागली हे सांगायला नको. त्यातच १९२९-३० पासून बोलपट आला. मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे बसून वाजवणारे वाद्यवृंद हजारो वादकांसह एका झटक्यात घरी बसले. बेकार कलावंतांची ही संगीतमय कथा आपल्यापर्यंत आणणाऱ्या यंत्रानेच कित्येक कलावंतांना बेकार केलं होतं.

हा विनोद लिंगबदलाचा आहे की नोकरीचा?

माझ्या मते नोकरीचा. (इथे शेवट फुटतो. नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

सुझान बाई आहे, गाते चांगली, दिसते चांगली. बाई म्हणून तिला काम मिळत नाही. ‘बाईचं काम करणारा पुरुष’ म्हटल्यावर तेच काम, तोच गळा, तेच पाय, आणि दारात मोटार उभी. बाईपणाला बाजारात किंमत केव्हा? ते पुरुषाकडे असेल तेव्हा. चित्रपट हे ओरडून सांगत नाही, पण एवढी एक गोष्ट काढून टाकली तर कथानक उभंच राहत नाही.

आता तारीख लक्षात घ्या. १ जून १९३३ ला नव्या सरकारने बेकारी कमी करण्याचा कायदा केला. त्यात विवाह-कर्जाची सोय होती: नवरा-बायकोला हजार राइशमार्कपर्यंत कर्ज, तेही रोख नाही तर घरसामानाच्या कुपनांच्या रूपात. अट ही की बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. घरात दोघं कमावत असतील तर बाईने जागा रिकामी करावी, हा प्रचार तर आधीपासूनच जोरात होता. बेकारांचा आकडा खाली आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे बायकांना आकड्यातूनच वगळणं.

आणि चित्रपटाचा शेवट? सुझान प्रेमात पडून रंगमंच सोडते. तिच्या जागी व्हिक्टर फ्रॉक घालून उभा राहतो आणि हशा वसूल करतो. ‘ही बाईच आहे’ अशा संशयाने आलेल्या पोलिसांच्या हाती काही लागत नाही. म्हणजे बाई घरी, पुरुष कामावर. जूनचा कायदा डिसेंबरच्या चित्रपटात असा गोड होऊन बसला आहे. श्युन्त्सेलने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हलक्याफुलक्या चित्रपटाचा शेवट लग्नाकडेच झुकतो, मग राज्य कोणाचंही असो. पण हे एकदा लक्षात आलं की शेवटच्या दृश्यात हसताना घास अडकतो.

डिसेंबर १९३३, म्हणजे हिटलर सत्तेवर. हा चित्रपट निघू कसा दिला?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि रास्तच आहे. हिटलर ३० जानेवारीला चान्सलर झाला. २९ मार्चला उफाने ज्यू कर्मचाऱ्यांना काढायचा निर्णय घेतला. ६ मे ला समलिंगींची बाजू घेणाऱ्या माग्नुस हिर्शफेल्डची बर्लिनमधली लैंगिकशास्त्र संस्था लुटली गेली आणि तिथली पुस्तकं चार दिवसांनी चौकात जाळली. बायकी वेषातल्या पुरुषांसाठी प्रसिद्ध असलेले बर्लिनचे क्लब तोवर बंद झाले होते. आणि वर्ष संपता संपता उफा हा असला चित्रपट काढते!

उत्तर असं की प्रचारमंत्री गोबेल्सला करमणूक हवी होती. सगळेच चित्रपट झेंडे फडकवू लागले तर लोक थिएटरात फिरकणार नाहीत हे त्याला नीट कळत होतं. शिवाय इथे कोणी ‘तसं’ नाही अशी पळवाट कथेतच आहे. नायिका खरोखर बाई आहे, नायकाला ते ठाऊक आहे, आणि व्हिक्टर हा निव्वळ भुकेपोटी फ्रॉक घालतो.

पण त्याच शरद ऋतूत बर्लिनच्या नाट्यसृष्टीत दुसरं काय चाललं होतं हेही सांगायला हवं. सप्टेंबरमध्ये राइश कला-मंडळाचा कायदा झाला. सदस्यत्व नाही तर काम नाही, आणि ज्यू कलावंतांना सदस्यत्व मिळण्याची वाट बंद होत गेली. ही मंदीने आणलेली बेकारी नव्हती, शिक्का मारून केलेली होती. काढून टाकलेल्या नट-वादकांना काम मिळावं म्हणून कुर्ट झिंगर यांच्या पुढाकाराने ज्यू सांस्कृतिक संघ उभा राहिला. त्याचा पहिला प्रयोग १ ऑक्टोबर १९३३ ला झाला, लेसिंगच्या ‘नाथान डेर वायझे’चा. धार्मिक सहिष्णुतेवरचं हे जर्मन अभिजात नाटक, नट ज्यू, प्रेक्षकही फक्त ज्यू. तिकडे व्हिक्टर-सुझानला पडद्यावर काम मिळत होतं आणि इकडे खऱ्या नटांना आपलं थिएटर वेगळं काढावं लागत होतं.

श्युन्त्सेल कोण होता?

हाम्बुर्गचा, आधी नट, मग दिग्दर्शक. १९१९ च्या ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’ या चित्रपटात त्याने एका समलिंगी वादकाला लुबाडणाऱ्या ब्लॅकमेलरचं काम केलं होतं. पुरुषांतल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ विरुद्ध हा चित्रपट होता, आणि तो हिर्शफेल्डच्या सहकार्याने बनला होता. १९३१ च्या ‘थ्री पेनी ऑपेरा’च्या चित्रपटात पोलीसप्रमुख टायगर ब्राऊन तोच. आपल्याकडे पुलंनी याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तेव्हा ब्राऊनला मराठी प्रेक्षक अगदीच परका मानणार नाही.

त्याची आई ज्यू होती. म्हणून नाझी राज्यात त्याला विशेष परवानगीवर काम करावं लागे. १९३५ चा ‘आम्फिट्रिऑन’ त्याने याच काळात केला, देवांची टर उडवणारा. १९३७ मध्ये ‘लांड डेर लीबे’ या चित्रपटावरून सरकारशी बिनसलं आणि तो अमेरिकेला गेला. हॉलिवूडमध्ये त्याच्या वाट्याला नाझींच्याच भूमिका आल्या: फ्रित्स लांगच्या ‘हँगमेन ऑल्सो डाय’मध्ये गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा माणूस, हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मध्ये युरेनियमवाल्या टोळीतला डॉक्टर अँडरसन. ज्यांच्यामुळे देश सोडला त्यांचंच सोंग पोटासाठी घ्यायचं. व्हिक्टर हेम्पेलने हे लगेच ओळखलं असतं. १९५४ मध्ये म्युनिकमध्ये त्याचं निधन झालं.

बाकी कलावंतांचं पुढे काय झालं?

सुझान झालेली रेनाटे म्युलर तेव्हा जर्मनीची लाडकी होती. पुरुषी सुटातही ती पुरुष वाटत नाही. ती आज्ञाधारक पोरासारखी दिसते आणि तेच गंमतीचं आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये खिडकीतून पडून ती गेली. वय ३१. अपघात, आत्महत्या की आणखी काही, यावर आजही तर्क चालतात. मला त्यांत भर घालायची नाही.

रॉबर्ट झालेला आडोल्फ वोलब्र्युक मूळचा व्हिएन्नाचा. तो १९३६ मध्ये बाहेर पडला, ‘आडोल्फ’ हे नाव टाकून आंटोन वॉलब्रुक झाला आणि इंग्लंडला स्थायिक झाला. ‘द रेड शूज’मधला बॅले कंपनीचा कठोर मालक लेर्मोन्टोव्ह आठवत असेल, तर तो हाच.

हेर्मान टीमिग, आपला व्हिक्टर, हा नाटकाच्या खानदानातला. वडील हुगो टीमिग व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरचे मोठे नट, बहीण हेलेने ही दिग्दर्शक माक्स राइनहार्टची पत्नी. घरात रंगभूमी पाणी भरत असताना त्याने फसलेला नट इतका नेमका उभा केला, की नापास होणंही शिकून घ्यावं लागतं हे पटतं.

गाणी कशी आहेत? आणि ही माणसं मधेच यमकात का बोलतात?

संगीत फ्रांत्स डोएले, गीतं ब्रुनो बाल्त्स. ‘कोम डोख आइन बिस्शेन मिट नाख माद्रिद’ हे स्पॅनिश ढंगाचं गाणं सुझानच्या रंगमंचीय यशाचं. दुसरं, ‘बाईला पहिल्याच भेटीत अगंतुगं करत नाहीत’ अशा अर्थाचं. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’ सारखाच आहे, त्यामुळे इंग्रजी प्रेक्षकापेक्षा ही गंमत आपल्याला चटकन पोचते.

यमकांचं म्हणाल तर तो श्युन्त्सेलचा प्रयोग. काही प्रसंगांत संवाद गद्यातून हळूच तालात शिरतात, मागे वाद्यं असतात, पण ते गाणं होत नाही. संगीत नाटक ऐकून वाढलेल्यांना हे खटकणार नाही. आपली पात्रंसुद्धा बोलता बोलता साकी-दिंडीत शिरायचीच.

गीतकार बाल्त्स स्वतः समलिंगी होता. १९४१ मध्ये गेस्टापोने त्याला अटक केली होती. त्याची गाणी मात्र सगळं जर्मनी गुणगुणत राहिलं.

जूली अँड्र्यूजचा ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ तो हाच का?

त्याचाच नातू म्हणा. आधी फ्रेंच आवृत्ती निघाली, ‘जॉर्ज ए जॉर्जेत’. १९३५ मध्ये इंग्लंडने ‘फर्स्ट अ गर्ल’ केला, जेसी मॅथ्यूजला घेऊन. १९५७ मध्ये जर्मनीनेच पुन्हा केला. मग १९८२ चा ब्लेक एडवर्ड्सचा. त्याला ऑस्करची सात नामांकनं होती, मिळालं एक, संगीताला. पुढे ब्रॉडवेवरही गेला.

एडवर्ड्सने गोष्ट १९३४ च्या पॅरिसमध्ये नेली आणि जर्मन चित्रपट जिथे पळवाट ठेवतो तिथे सरळ दार उघडलं. त्याचा टॉडी, म्हणजे मूळच्या व्हिक्टरच्या जागचं पात्र, उघडपणे समलिंगी आहे. भूक मात्र त्याने मूळापेक्षाही ठसठशीत ठेवली. उपाशी व्हिक्टोरिया हॉटेलात पोटभर जेवते आणि बिल चुकवायला झुरळ सोडते, तो प्रसंग कोण विसरेल?

आपल्याकडच्या स्त्री-पार्टशी याची तुलना होईल का?

अर्धीच. बालगंधर्वांच्या भामिनीला बघताना प्रेक्षकाला पुरुष दिसायचाच नाही, आणि शेवटी टोप काढून दाखवायची तर कल्पनाच नाही. साडी नेसायची ढब लोक घरी नेत. बर्लिन-पॅरिसच्या त्या प्रकारात सगळा जीव टोप काढण्यात आहे. ‘फसलात ना!’ हाच शेवटचा सूर. एकीकडे भ्रम टिकवण्याची कला, दुसरीकडे तो मोडण्याची.

काळाचा एक योग मात्र आहे. सुझान पडद्यावर पुरुष होत होती त्या सुमारास आपल्याकडे स्त्रिया रंगमंचावर आणि पडद्यावर येऊ लागल्याने स्त्री-पार्टचा जमाना उतरणीला लागला होता. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त आले ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. बायकांनी बायकांची कामं करायला घेतली आणि एका थोर नटाची जागा हलली. इथे बेकारीचा काटा उलटा फिरला.

त्या काळी आपल्यापैकी कोणी बर्लिनला होतं का?

होतं. १९३३ मध्येच व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढून घेण्यासाठी जर्मनीला गेले होते. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण तिथलं तंत्र बघून आले आणि त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’च्या छाया-प्रकाशात दिसला. उफाशी संबंध आलेले आणखी दोघं म्हणजे हिमांशू रॉय आणि देविका राणी. त्यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली ती जर्मन तंत्रज्ञांना बरोबर घेऊन.

मुलांबरोबर बघता येईल?

हो. एकही दृश्य पुढे ढकलावं लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सिगारचा ठसका भयंकर आवडतो.

जर्मन येत नाही. चालेल?

उपशीर्षकं असलेली प्रत शोधा. नुसत्या चेहऱ्यांवर अर्धा चित्रपट कळतो, पण यमकांची मजा जाते.

तुम्हाला यातलं काय आवडत नाही?

लंडन. बर्लिनच्या कचेऱ्या आणि गुत्ते खरे वाटतात, लंडन म्हणजे केवळ गुळगुळीत जिने आणि पांढरे सूट. शिवाय भूक पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जी गायब होते ती होतेच. पुढे कोणालाच बिलाची काळजी नाही. व्हिक्टर तरी एखाद्या मेजवानीत खिशात पाव कोंबताना दिसायला हवा होता. जो माणूस इतके दिवस उपाशी राहिला, त्याची ही सवय एका करारावर सही करून सुटत नाही.